डीओपीमधला ‘पी’

त्या लाल बदकाच्या रिपोर्टवर ‘फेल’ लिहायच्या आधी मी दोनदा थांबले. दाबलं की चूं करणारं, दात येणाऱ्या पोरांच्या तोंडात हमखास जाणारं बदक. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, तेव्हापासून अशी सॅम्पल्स आमच्या लॅबमध्ये नेहमीची. पीव्हीसीचे तुकडे द्रावकात विरघळवायचे, हेक्सेन घालून प्लास्टिक खाली बसवायचं आणि वरचं द्रावण जीसी-एमएसला, म्हणजे त्यातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्राला, लावायचं. स्क्रीनवर 149 वस्तुमानाचा दांडा उभा राहिला की थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारं रसायन, आलं म्हणून समजायचं.

दांडा इतका उंच, की मला आधी आमच्यावरच संशय आला. हातमोज्यातूनही थॅलेट सॅम्पलमध्ये उतरतं. सगळं पुन्हा काचेच्या भांड्यांत केलं, ब्लँक, म्हणजे बदकाचा तुकडा न घालता तीच चाचणी, लावला. ब्लँक स्वच्छ. मर्यादा वजनाच्या 0.1 टक्क्याची, बदकात टक्केवारी दोन आकडी. आणि फॉर्मवर कारखानदाराच्या अक्षरात लिहिलेलं : ‘थॅलेट – नाही’.

दुपारी ते स्वतः वसईहून आले.

“मॅडम, हुंगून बघा. वास आहे का काही?”

वासावरून प्लास्टिक पारखणारे इतके भेटतात, की आता मला हसू येत नाही.

“काका, माल मऊ करायला काय घालता?”

“तेल. डीओपी. सगळेच घालतात.”

“त्यातला पी कशाचा?”

“ड्रमवर असतं, तेच म्हणतो आम्ही.”

मी कागदावर लिहिलं : डायऑक्टिल थॅलेट, इंग्रजीत Phthalate, सुरुवातीचा पी न उच्चारलेला. रिपोर्टात डीईएचपी म्हणून आहे ते हेच. मला वाटलं, आता भांडतील. भांडणाऱ्यांची आम्हाला सवय आहे.

“पण ते प्लास्टिकात मुरतं ना?”

मुरतं, पण जोडलं जात नाही. फडक्यात पाणी राहावं तसं राहतं, पोर चघळत बसलं की लाळेत येतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं नर पिल्लांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडलेली दिसली, म्हणून ही मर्यादा. डीओटीपी नावाचं दुसरं तेल मर्यादा घातलेल्या थॅलेटांच्या यादीत नाही, हेही सांगितलं.

“म्हणजे एक टी वाढवायचा?”

“नवीन सॅम्पल पाठवा, मग सांगते.”

त्यांनी फोन लावला. “टेम्पो भरला का रे? लाल बदकं उतरव.” मग कागदाकडे पुन्हा पाहिलं. “थांब. पिवळी, हिरवी पण उतरव. तेल एकच आहे.”