ट्रेलरवर बोट बांधायला शिकलो त्याची हकिकत

माझी सासुरवाडी मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या काठावर. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला, त्यात लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला होता, हे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना आठवत असेल. त्या पुरात माझ्या सासऱ्यांनी एक अख्खी रात्र शेजाऱ्यांच्या माडीवर काढली. गोठ्यातली दोन जनावरं गेली. बोट आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तिला तरी किती ठिकाणी जायचं होतं! दिवाळीला सगळे जमलो तेव्हा ठरलं, की वस्तीची स्वतःची एक बोट पाहिजे. वर्गणी निघाली. मी सोलापुरात राहतो, माझ्याकडे बोलेरो आहे आणि तिला मागं ट्रेलर ओढायचा हूक आहे, म्हणून बोट आणायचं काम माझ्यावर आलं.

उजनीच्या फुगवट्यावर मासेमारी करणारे एक आप्पा त्यांची १४ फुटी फायबरची बोट ट्रेलरसकट विकणार होते. सिद्धेश्वराची यात्रा झाली, गड्ड्यावरची गर्दी ओसरली आणि मी मेहुण्याला घेऊन टेंभुर्णीकडे निघालो. बोट चांगली होती. रिकामी दोनशे किलोच्या आसपास, आणि वरून छोटं इंजिन. ट्रेलरच्या पुढच्या खांबाला बोट वर ओढायचं, हातानं फिरवायचं विंच होतं, त्याचा पट्टा बोटीच्या तोंडाच्या कडीत अडकवलेला. मी विचारलं, "आप्पा, अजून काय बांधायला लागतं?" ते म्हणाले, "पाव्हणं, शेडपासनं पाण्यापातूर जायाला एवढं बास होतं. सोलापूरपातूर मी कधी नेलीच न्हाई. लांब जायाचं तर तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी सरळ सांगितलं होतं. ऐकायला मी कमी पडलो. गाडीत नायलॉनचा जाड दोर होता. तो बोटीवरून चार वेळा इकडून तिकडे टाकला, जोर लावून आवळला आणि गाठी मारल्या. दोर इतका ताठ झाला होता, की बोटानं टिचकी मारली तर वाजत होता. आम्हाला वाटलं, झालं काम.

मोडनिंबच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला बाजूला येऊन ओरडला, "ओ मालक, मागं बोट हालूलालीय!" त्याच्या आधी दोन-तीन मिनिटं मला स्टिअरिंग हलकं लागत होतं आणि ट्रेलर शेपटीसारखा इकडे-तिकडे जात होता. मला वाटलं, वारा असेल. गाडी कडेला घेतली. बोट वीतभर मागं सरकली होती आणि डावीकडे तिरपी झाली होती. विंचच्या दात्यावरचा खटका नीट बसलेलाच नव्हता, त्यामुळे तो पट्टा सुटत गेला होता. दोर मघाशी वाजत होता, तो आता हाताच्या दोन बोटांनी उचलता येत होता. बोटीच्या काठावर जिथं घासला, तिथं त्याला केसाळ पिंजर आली होती.

ट्रेलर का डुलत होता, ते नंतर समजलं. ट्रेलरचं थोडं वजन कायम गाडीच्या हूकवर पडलं पाहिजे, एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. बोट मागं गेली की वजन चाकांच्या मागं जातं, पुढचा दांडा वर उचलायला बघतो आणि ट्रेलर डोलायला लागतो. वेगात गाडीसुद्धा सोबत खेचली जाते. मागं मोटारसायकलवर पोरं-बाळं घेऊन लोक येत असतात. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

समोरच्या ढाब्यावर उसाचा ट्रक थांबला होता. त्याचे ड्रायव्हरमामा चहाचा ग्लास घेऊनच आमच्याकडे आले. बोटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मालक, तुम्ही हिला उसासारखी बांधली. ऊस वरनं आवळला की दबतो, दबला की बसतो. हे पोकळ भांडं हाय, हे दाबून बसत न्हाई. हिला चारी अंगानं ओढून धरायची." आम्ही चौघांनी बोट पुढं ढकलून जागेवर बसवली. विंचचा खटका त्यांनी स्वतः बसवला, आमचाच दोर तोडून मागच्या दोन कड्यांपासून खाली ट्रेलरच्या सांगाड्याला बांधला आणि गाठीच्या जागी दांडकं घालून पीळ दिला. चाळिसाच्या वर काटा न जाऊ देता आम्ही रात्री सोलापूर गाठलं. त्यांनी चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ट्रकचं सामान मिळतं तिथून रॅचेटचे, म्हणजे दातेरी खटक्यानं आवळायचे पट्टे आणले. ट्रकवाले त्यांना लॅशिंग बेल्ट म्हणतात. दुकानदार "दोन टनाचा, पाच टनाचा" असं बोलतो, तेव्हा नीट विचारून घ्या. पट्टा ज्या वजनाला तुटतो तो आकडा वेगळा, आणि भरवशानं जेवढा भार टाकायचा तो वेगळा. दुसरा पहिल्याच्या निम्मा किंवा एक तृतीयांश असतो. हे पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. चिठ्ठी नसलेला पट्टा मी घेतला नाही. युरोपच्या मानकाप्रमाणे बनलेल्या मालात चिठ्ठीचा रंगही सांगतो: निळी पॉलिस्टरची, हिरवी नायलॉनची, तपकिरी पॉलिप्रॉपिलीनची.

रात्री आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये माग बंद झाल्यावर ट्यूबलाइटखाली पट्टा हातात घेतला आणि एकदम ओळखीचा वाटला. माझं आयुष्य टर्किश टॉवेलच्या मागांवर गेलं, वडिलांचं चादरीच्या. हा पट्टा म्हणजे विणलेलं कापडच. लांबीत जातो तो ताणा, आडवा जातो तो बाणा. सगळा भार ताण्याच्या सुतावर असतो; बाणा फक्त ती सुतं एकमेकांशेजारी धरून ठेवतो. मग बाकीचं कुणी शिकवायला लागलं नाही. किनार जरा कापली गेली, की तिथली ताण्याची सुतं कामातून गेली, त्यांचा भार उरलेल्यांवर आला; म्हणून कापलेला पट्टा शिवून वापरायचा नाही. पट्ट्याला गाठ मारायची नाही, कारण गाठीत एका बाजूची सुतं ताणली जातात, दुसऱ्या बाजूची नुसती दुमडून राहतात, आणि ताकद निम्म्यावर येऊ शकते. आदल्या दिवशी दोर का सैल झाला, तेही उमगलं. नायलॉन भाराखाली बराच ताणतो, ओला झाला की आणखी. पॉलिस्टर कमी ताणतं आणि पाणी जवळजवळ पीतच नाही. ही दोन्ही सुतं मी बीमवर चढवलेली आहेत. हा फरक माझ्या हाताला वीस वर्षं माहीत होता, पण दोर बांधताना तो आठवला नाही.

रविवारी मेहुणा आला आणि आम्ही शेडसमोरच्या अंगणात सराव केला. पहिली गोष्ट, बोट ट्रेलरवर पूर्ण पुढं बसली पाहिजे. तोंड समोरच्या रबरी रोलरला टेकलं पाहिजे आणि बुड गालिचा ठोकलेल्या दोन लाकडी फळ्यांवर सारखं बसलं पाहिजे. मग विंच आवळायचं आणि खटका दात्यात बसलाय हे डोळ्यांनी बघायचं. विंच हे बोट वर ओढायचं साधन आहे, रस्त्यावर तिला धरून ठेवायची सगळी भिस्त त्याच्यावर टाकायची नाही. म्हणून तोंडाच्या कडीतून वेगळी साखळी ट्रेलरच्या दांड्याला, थोडीशीच ढिली. विंचचा पट्टा तुटला, तर बोट या साखळीवर थांबते.

खरं काम मागच्या दोन पट्ट्यांचं. बोटीच्या मागच्या फळीवर दोन कड्या असतात, तिथून खाली सांगाड्याला. आमच्या ट्रेलरवर अडकवायची जागा कड्यांच्या अगदी खाली येत होती. सरळ खाली ओढलेला पट्टा बोट उडू देत नाही, पण बाजूला सरकणं फारसं अडवत नाही. म्हणून डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे, असे फुलीत बांधले. एक चूक इथं झाली. पहिल्यांदा मी हूक ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या कडीला अडकवला होता. गल्लीतल्या गतिरोधकावरून ट्रेलर नेला तर पाटे दबले, पट्टा सैल पडला आणि हूक सुटून लोंबायला लागला. तेव्हापासून हूक फक्त सांगाड्याच्या लोखंडाला, आणि तोंडाला झाकण असलेलाच हूक.

जोर किती येतो, याचा हिशेबही केला. माल बांधण्याच्या नियमात धरतात, की करकचून ब्रेक मारला तर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढं येतो, आणि बाजूला व मागं ०.५ पट. आमची बोट सामानासकट २५० किलो धरली, तर पुढं २०० किलो आणि बाजूला १२५. पुढचा जोर रोलर आणि खांब घेतात, बाजूचा आणि मागचा पट्ट्यांनी घ्यायचा. म्हणजे तुटायला दीड टन लागतो असे इंचभर रुंदीचे पट्टे मागं पुरतात. अवजड पट्टा घेऊन उगाच जास्त आवळला जातो.

जास्त आवळणं मी प्रत्यक्ष करून बसलो. मधोमध काठावरून जाणारा दोन इंची पट्टा रॅचेटनं दाबत गेलो, आणि फायबरमधून कर्र असा आवाज आला. लगेच सोडलं. तडा गेला नव्हता, पण काळजाचा ठोका चुकला. मधला पट्टा फक्त बोट फळ्यांवर टेकवून ठेवण्यापुरता, हातानं दाबला तर किंचित खाली जाईल इतका. काठाशी जिथं तो वळतो, तिथं मी जुन्या सोलापुरी चादरीच्या चौपदरी घड्या ठेवल्या. काठही वाचला आणि पट्ट्याची किनारही.

रॅचेटचं तंत्र हाताला बसायला अर्धा दिवस गेला. आधी पट्टा फटीतून ओढून सगळी ढिल हातानं काढून घ्यायची, मगच दांडा मारायचा. ढिल तशीच ठेवली, तर गोळा होऊन रॅचेट अडकतं; आमचं दोनदा अडकलं. फटीच्या गजावर पट्ट्याचे कमीत कमी दोन वेढे यावेत, तीनच्या वर नकोत. शेवटी दांडा आडवा पाडून कुलपासारखा बसवायचा. सोडताना खटका ओढून दांडा पूर्ण उघडा करायचा, आणि तोंड बाजूला ठेवायचं, कारण ताण एकदम सुटतो. मेहुण्याचा अंगठा एकदा चेमटला, नखाखाली रक्त साकळलं.

निघण्याच्या दिवशी इंजिन काढून बोलेरोत ठेवलं. लाइफ जॅकेटं आणि वल्हीही आत घेतली, वाऱ्यानं उडून कुणाच्या काचेवर नकोत. बुडाचं बूच काढून ठेवलं. आत पाणी साठलं तर एका लिटरला एक किलो वजन वाढतं.

कोंडीला पहिला थांबा घेतला. दहा-बारा किलोमीटरच झाले होते, तरी मधला पट्टा दोन दाते सैल झाला होता. बोट गालिच्यावर बसते, घड्या दबतात, म्हणून पहिल्या टप्प्यात थांबायचंच. तिथपर्यंत हा पट्टा वाऱ्यात सतत गुणगुणत होता. तो सपाट थरथरतो आणि घासून झिजतो. मोकळ्या भागात एक पीळ दिला, आवाज बंद. मोकळं टोक गुंडाळून बांधलं. लांबोटीला थांबून घरच्यांसाठी चिवडा घेतला आणि पुन्हा सगळं चाचपलं. मागचे दोन्ही पट्टे होते तिथं होते. महामार्ग सोडल्यावरच्या खडबडीत रस्त्यावर मी दर काही मिनिटांनी आरशात बघत होतो. बोट ट्रेलरसोबत एकजीव असल्यासारखी वर-खाली होत होती.

वस्तीवर सासूबाईंनी बोटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग काठावर हात ठेवून म्हणाले, "ही त्या रात्री असती तर."

बोट आता लिंबाच्या सावलीत ट्रेलरवर उभी आहे. पट्टे काढून, धुऊन, वाळवून घरात पेटीत ठेवलेत; सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन बाहेर राहिलेल्या पॉलिस्टरला हळूहळू कमकुवत करतं. मिरगाच्या आधी मी पुन्हा जाणार आहे. वस्तीतली चार पोरं तयार करायची आहेत, अंधारात, बॅटरीच्या उजेडात बोट बांधता आणि सोडता यायला हवी. मेहुण्याला आता बारा मिनिटं लागतात. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, "दाजी, डाव्या पट्ट्याची किनार जरा उसवल्यावानी दिसूलालीय. चालंल का?" मी म्हणालो, तो बाजूला काढ, येताना नवीन घेऊन येतो.