जिप्सीनं मान हलवणं थांबवलं (बहुतेक)

शिरोलीकडून कोल्हापुरात येताना पंचगंगेच्या पुलावरचा तो जोड. ताशी ७०. दोन्ही अंगठे स्टेअरिंगच्या बाहेर काढून, श्वास रोखून बसलो होतो. डावं चाक धप्पकन जोडावर आदळलं आणि काहीच झालं नाही. पुढचा जोड आला, तिथंही काही नाही. पूल संपल्यावर गाडी बाजूला घेतली आणि भाच्याला म्हटलं, "जरा वाकून बघ रे, डँपर खरंच काढलाय ना." त्यानं बघितलं. "मामा, सकाळी तुम्हीच काढलाय की!"

डँपर म्हणजे स्टेअरिंगचे झटके शोषणारा दांडा. तो नसतानाही गाडी शांत, म्हणजे चार महिन्यांनी वॉबलचं (जोडावर आदळलं की पुढची चाकं आणि स्टेअरिंग थडथडत हेलकावे खातात, त्याचं) प्रकरण संपलं. नव्वद टक्के तरी संपलं.

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की नवा डँपर टाकला आणि वॉबल गेला. ते शब्द ग्रीसमध्ये बुडवून गिळतो. बरोबर अकरा दिवस गेला होता. बाराव्या दिवशी याच पुलावर, मागे ट्रक चिकटलेला असताना, स्टेअरिंगनं हात झटकून टाकले. पुढचा अ‍ॅक्सल एकाच अखंड दांड्याचा असलेल्या गाड्यांवाल्यांना वेगळं सांगायला नको. डॅशबोर्ड, आरसे, दात सगळं एकदम वाजतं आणि गाडी आता तुकडे होऊन पडणार असं वाटतं. करकचून ब्रेक मारायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टेअरिंगशी कुस्ती न खेळता वेग ४० च्या खाली येऊ द्यायचा. सांगायला सोपं आहे.

डँपर म्हणजे तापाची गोळी हे आता पटलं. दोन डँपरचे पैसे गेल्यावर पटलं, एवढंच.

मग रीतसर सुरुवात केली. पुढच्या बंपरवर मोबाइल बांधून सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ काढला. चाकाच्या एका पूर्ण हेलकाव्याला साधारण २९ फ्रेम लागत होत्या, म्हणजे सेकंदाला आठपेक्षा थोडे जास्त हेलकावे. माझे टायर २३५/७५ आर १५, परीघ सुमारे २.३ मीटर, ७० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास साडेआठ फेऱ्या मारतं. आकडे जुळले म्हणून मी नाचायचाच बाकी होतो. बॅलन्सिंग! रिम उतरवले तर डाव्या रिमच्या आत दाजीपूरची तांबडी माती वाळून विटेसारखी बसलेली. ती खरवडली, चारही चाकं बॅलन्स केली, टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असतात ते माप) ४ मिलिमीटरवर आणला. फायदा किती? आधी ६५ ला सुरू व्हायचं ते ७० ला सुरू झालं. बॅलन्सिंगनं काडी लांब गेली, पण सरपण तिथंच पडून होतं.

भाच्याला सीटवर बसवून स्टेअरिंग डावं-उजवं हलवायला लावलं आणि मी खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत गेलो. अर्ध्या तासानं वरून आवाज, "मामा, अजून किती?" पण हीच तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी, अलाइनमेंटच्या मशिनपेक्षाही. डावीकडचा टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) खडखडत होता, बदलला. शॅकलचे (पाट्याच्या टोकाला गाडीशी जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे) बुश बदलले. स्टेअरिंग बॉक्सच्या स्क्रूला मुद्दाम हात लावला नाही. तो आवळून वॉबल घालवणारे बरेच भेटतात आणि वर्षभरात बॉक्स नवा घेतात.

मग चाक उचलून, घोडीवर ठेवून, वर-खाली धरून हलवलं. थोडा खेळ होता. ब्रेक दाबून धरायला लावला तर खेळ गायब, म्हणजे व्हील बेअरिंगचा. किंगपिनचा (ज्याच्याभोवती चाक डावं-उजवं वळतं त्या खिळ्याचा) असता तर ब्रेक दाबूनही राहिला असता. बेअरिंग आवळलं. किंगपिनची बेअरिंगं दोनच वर्षांपूर्वी टाकलेली. वहीत लिहिलं, "किंगपिन निर्दोष", आणि खाली दोन रेघा मारल्या.

इथंच माझं सव्वा महिन्याचं वाटोळं झालं.

तरी शंका नको म्हणून टाय रॉड सोडवला आणि त्याच्याच भोकात ताणकाटा अडकवून नकल (किंगपिनवर फिरणारा, चाक धरणारा भाग) ओढून बघितला. काटा रद्दीवाल्याकडून मागून आणलेला. हलायला सुरुवात होताना १ ते १.८ किलो यायला पाहिजे. डावीकडे १.३ आले. वहीत तिसरी रेघ.

आठवड्यानं रात्री दीडला झोपेतून उठून बसलो. तो आकडा सील काढून मोजायचा असतो! आणि मी तर नुकताच नकलचा नवा सील सेट टाकला होता. नवं रबर आणि फेल्ट अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोळ्याला असं आवळून बसतं की १.३ मधला बहुतेक जोर त्या सीलचाच. सकाळी दोन्ही बाजूंची सीलं मागे सरकवली. डावीकडे ३५० ग्रॅम. उजवीकडे ६००.

नवशिक्यांसाठी जरा सविस्तर सांगतो. किंगपिनच्या वर एक, खाली एक निमुळतं बेअरिंग असतं आणि दोन्ही एकमेकांवर दाबून बसवलेली असतात. त्या दाबामुळे नकल जरा जड फिरतो. तेच जडपण प्रत्येक हेलकाव्यातला थोडा थोडा जोर खाऊन टाकतं. दाब गेला तरी पुष्कळ दिवस हाताला खेळ लागत नाही. पण नकल बोटानं ढकलला तरी फिरतो, आणि जोडावर बसलेला धक्का मग कुठंच जिरत नाही. मी चाक हलवून खेळ शोधत राहिलो, आणि माझ्या किंगपिनमध्ये खेळ नव्हताच.

उघडल्यावर उरलासुरला संशय फिटला. डावीकडच्या खालच्या बेअरिंगच्या कपात रोलरच्या बरोबर मापाच्या उभ्या रेघा उमटलेल्या. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे रोलर त्याच जागी ठोकत राहतात. ग्रीस चहाच्या रंगाचं. जुन्या सीलमधून ओढ्याचं पाणी आत गेलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी काउंटरवरून आणलेलं ते बेअरिंग खोक्यावर एका नावाचं, धुऊन बघितलं तर कडेवर कोरलेलं नाव भलतंच. दुकानदाराशी भांडायला पावती नाही, चूक माझी. आता खोकं तिथंच फोडून, बेअरिंगवरचं कोरीव नाव वाचून मगच पैसे देतो.

नवी बेअरिंगं बसली. किंगपिनच्या टोप्या आणि शिम (टोपीखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या, काढल्या की बेअरिंगवरचा दाब वाढतो) वर-खाली, डावं-उजवं खुणा करून ठेवा, अदलाबदल झाली की सगळा हिशेब नव्यानं. डावीकडे पहिल्या फिटिंगला ७०० ग्रॅम आले. ०.१ मिलिमीटरची एक शिम काढली तर एकदम २.२ किलो. ०.०५ ची परत घातली: १.५. काटा दीडवर थांबला तेव्हा मी त्याचा फोटो काढला. घरात कुणालाच त्यात काही दिसलं नाही.

वॉबल गेला, पण ८० च्या पुढं गाडी अजून रस्ता हुंगत जायची. हा दोष कॅस्टरचा (किंगपिनचा वरचा भाग मागे कललेला असतो तो कोन, त्यानं स्टेअरिंग आपोआप सरळ होतं), आणि तो मी विकत घेतलेला. पुढची शॅकल्स ४० मिलिमीटर लांब टाकली होती. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला. तिथं पाटा ४० नं खाली गेला आणि दोन डोळ्यांमधलं अंतर ९० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे अ‍ॅक्सल अडीच अंश पुढं कलला. कॅस्टर मूळचा साडेतीन अंश, उरला एक.

तो कोन परत आणायला पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे वेज, म्हणजे पाचर, घालतात. ऑनलाइन मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या वेजेसवर माझा विश्वास नाही, यू-बोल्टखाली चेचून भुगा होतो. उद्यमनगरात एका काकांकडून स्टीलच्या करून घेतल्या: ११० मिलिमीटर लांब, एक टोक ८ जाड, दुसरं ३, मधे सेंटर बोल्टचं भोक. काकांनी कार्डबोर्डचा नमुना उलटसुलट करून बघितला. "जाड बाजू पुढं टाकनार न्हवं? न्हाईतर परत येशीला." जाड बाजू पुढंच. त्या रविवारी गगनबावड्याच्या रस्त्यावर प्रत्येक वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ झालं. दीड वर्षात हे सुख विसरूनच गेलो होतो. भाच्याला तीनदा दाखवलं.

आता उरलेले दहा टक्के. वेज टाकल्यापासून ४एच मध्ये (चारही चाकं ओढत असताना) ४० च्या वर पुढचा प्रॉप (पुढच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणारा दांडा) घुरघुरतो, कारण पिनियनचं, म्हणजे तो अ‍ॅक्सलला जिथं जोडतो त्याचं, तोंड खाली गेलंय. पुढच्या चाकांचे हब फ्री (अ‍ॅक्सलपासून सुटे) असताना प्रॉप फिरतच नाही, त्यामुळे हायवेवर शांतता. पुढचा बेत असा होता की लांब शॅकल्स आणि वेज दोन्ही काढायचे, मूळ शॅकल्स टाकायची आणि पाटेवाल्याकडून पाट्यांना कमान मारून तेवढीच उंची मिळवायची.

हे लिहिता लिहिता कागदावर आकृती काढली आणि बेत बोंबलला. उंची तीच, कॅस्टर तोच, तर पिनियनचा कोनही तोच. पाटेवाल्याला पैसे देऊन घुरघुर तशीच राहणार. उपाय एकच, उंची कमी करणं. आणि ती तरी किती मिळवली होती? शॅकल ४० नं लांब केलं की गाडी उचलते त्याच्या निम्मी. २० मिलिमीटर! मडगार्डच्या कडा थोड्या कापल्या तर टायर तसेही बसतील.

मूळ शॅकल्स माळ्यावर कुठंतरी पोत्यात आहेत. रविवारी आधी एकाच बाजूला टाकून, चाक विटांवर चढवून, पूर्ण वळवून टायर कुठं घासतो ते खडूनं आखणार. ३०० किलोमीटरनंतर डावा नकल परत मोजला, १.५ चे १.२ झालेत. १००० झाल्यावर पुन्हा मोजेन, सील काढून.