सांगलीच्या काकूंचा गोटा

पर्गे, अस्पेंदोस आणि सीदे, तिन्ही ग्रीक-रोमन काळातली जुनी शहरं, तिन्ही एका दिवसात. तुर्कस्तानच्या अंतालिया किनाऱ्याचा हा दिवस आमच्या ऑफिसात ज्याने कोणी आखलाय त्याने तिथलं जूनमधलं ऊन बघितलेलं नाही एवढं नक्की. ब्रोशरच्या कव्हरवर सीदेच्या अपोलो मंदिराचे समुद्राकाठचे पाच खांब आणि मागे मावळता सूर्य छापलाय, म्हणजे तो सूर्य गाठणं ही टूर मॅनेजरची ड्यूटी. मग सकाळच्या नाश्त्यापासून सगळं उलटं मोजत आणायचं, टॉयलेटच्या रांगा धरून, आणि सीट रोटेशनवरून होणारी भांडणं धरून (पुढची सीट हा विषय निघाला की रिटायर्ड बँक मॅनेजरसुद्धा पहिलीतला होतो).

अजून एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. तुर्कस्तानात अशा जागी माहिती सांगायचा हक्क फक्त तिथल्या लायसनवाल्या गाइडला, गळ्यात कार्ड असलेल्या. मी आत तोंड उघडलं तर दंड होऊ शकतो. त्यामुळे आत आमच्या गाइड बाई इंग्लिशमधे सांगणार आणि मी आधीच बसमधे माइकवर मराठीत सगळं सांगून ठेवणार, आणि ते मी चांगलं करतो, उगाच नम्रपणा कशाला. पर्गेचा तो खांबांचा लांबलचक रस्ता, रस्त्याच्या मधोमध दगडी पाट, वरच्या टोकाला कारंजं, त्यात आडवा पहुडलेला केस्त्रोस नावाचा नदीदेव आणि त्याच्या खालून पाणी पाटात येऊन गावभर फिरायचं, हे मी अगदी रंगवून सांगतो.

तर त्या दिवशी पर्गे झालं, अस्पेंदोस झालं. तिथलं थिएटर रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं, झेनॉन नावाच्या आर्किटेक्टचं, इतकं शाबूत की आजही तिथे कार्यक्रम होतात, आमच्यातल्या एकांनी स्टेजवरून नांदी म्हटली आणि वरच्या पायरीपर्यंत ऐकू आली. वेळेत होतो आम्ही. सीदेच्या वाटेवर अंताक्षरी सुरू झाली आणि मधेच सांगलीच्या काकूंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून शेजारणीला दाखवलं, मग ते हातोहात पुढे आलं.

मुठीएवढा संगमरवर. एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला कोरलेल्या पानाची तीन टोकं.

बाई उठल्या, दगड हातात घेतला, ड्रायव्हरला तुर्कीत काहीतरी म्हणाल्या आणि बस कडेला लागली.

काकूंचं म्हणणं सरळ होतं. पाटाच्या कडेला पडला होता, तो नदीदेवाचा पाट, तुम्हीच सांगितलंत ना, मग नर्मदेचा गोटा आणतो तसा आणला, देवघरात ठेवायला. यावर मी काय बोलणार? सकाळच्या ब्रीफिंगमधे काही उचलू नका हेही मीच सांगितलं होतं, पण लोक ते सीटबेल्ट लावा याच कानाने ऐकतात.

तिथला कायदा कडक आहे, 1983 चा 2863 नंबरचा. असली वस्तू देशाबाहेर नेली तर 5 ते 12 वर्षं कैद. अंतालिया एअरपोर्टवर बॅगेतल्या दगडावरून टुरिस्ट पकडले गेलेत, आणि काकूंचं परतीचं विमान तिथूनच होतं. बसमधून सल्ले सुरू झाले. झुडपात टाका आणि चला. बाईंना काहीतरी देऊन मिटवा (हे म्हणणारे गृहस्थ देशातल्या भ्रष्टाचारावर रोज नाश्त्याला बोलायचे). सीदेच्या म्युझियममधे देऊ, वाटेवरच आहे, हे मी सुचवलं. बाई म्हणाल्या, दगड पर्गेचा आहे, तिथे 1946 पासून खोदकाम चालू आहे, तो पर्गेलाच जाईल. फोन केला. तिकडून आणा म्हणाले.

बस वळवली, तीसेक किलोमीटर मागे. ड्रायव्हरच्या तासांचा हिशेब माझ्या डोक्यात, कारण साडेचार तास चालवलं की पाऊण तास ब्रेक, तिथे गयावया चालत नाही. आणि या सगळ्यात बाईंनी माइक घेतला. पर्गेलाच 1980 मधे थकलेल्या हेराक्लीसच्या (ग्रीक पुराणातला बलदंड वीर) पुतळ्याचा खालचा अर्धा भाग सापडला, वरचा अर्धा पुढच्याच वर्षी अमेरिकेत बॉस्टनच्या म्युझियमच्या संग्रहात आला, आणि दोन्ही एकत्र यायला 2011 उजाडलं. मी ते मराठीत सांगितलं, बस एकदम चूप.

काकू म्हणाल्या, "मग त्या बॉस्टनवाल्यांपैकी कोणी आत गेलं का हो?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत, "नो" म्हणाल्या आणि माइक ठेवून दिला.

पर्गेला गेटवर माणसाने दगड घेतला, कागदावर काहीतरी लिहिलं, बाईंनी सही केली, काकूंना काही विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं पोलीस, पासपोर्ट, एम्बसी, आणि झालं काय तर त्याने आम्हाला चहा विचारला. काकू गेटपाशी त्याला इंग्लिशमधे "सॉरी" म्हणाल्या आणि बसमधे आल्यावर मला म्हणाल्या, "हे सॉरी तुमच्या कंपनीसाठी."

सीदेला अंधार पडल्यावर पोचलो. खांबांवर फ्लडलाइट असतात, फोटो खरंतर बरे येतात, पण कव्हरवर सूर्य आहे ना. फीडबॅक फॉर्ममधे सनसेट हुकला म्हणून तक्रारी आल्या, त्यातली एक त्या पाकीट सुचवणाऱ्या गृहस्थांची. ऑफिसातले म्हणतात झुडपात टाकायचा होता, कोणाला कळलं असतं. बाई इतक्या ताठ का वागल्या हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं, पण त्यांचं लायसन, त्यांचं गाव, त्यांनी दुसरं काय करायचं होतं तेही सुचत नाही. आणि काकूंचा प्रश्न चुकीचा होता असंही म्हणवत नाही.

आता हेराक्लीसची गोष्ट मी पर्गेच्या आधीच सांगतो. पाणी-नदीदेव थोडं आवरतं घेतो. सीदे दुसऱ्या दिवशी सकाळी टाका असं ऑफिसला लिहिलंय, ते म्हणतात मग कव्हर बदलावं लागेल.