उजवा पाय आधी

टेपनं घोटा बांधून घेताना आमच्या संघातला एक मुलगा नेहमी डावा पाय आधी पुढे करायचा. ऑगस्टपासून ऐंशीएक वेळा मी त्याचे घोटे बांधले असतील, एकदाही उजवा आधी आला नाही. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी, प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत, हाफटाइमला तो टेबलावर बसला आणि त्यानं उजवा पाय पुढे केला.

मी मूळची मिरजेची. पुण्यात फिजिओथेरपी केली, मग इकडे मास्टर्स करून अ‍ॅथलेटिक ट्रेनर झाले. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉल संघाची दुखणीखुपणी बघते. फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला. टीव्हीवर लाखभर प्रेक्षक दिसतात ती वेगळी दुनिया. आमची डिव्हिजन थ्री. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरं फी भरतात, पहाटे वजनं उचलतात, दुपारी केमिस्ट्रीची प्रयोगशाळा करतात आणि मग अंग ठेचून घ्यायला मैदानावर येतात. यातलं क्वचितच कुणी पुढे व्यावसायिक खेळतं. मला हीच पोरं जास्त आवडतात.

संघात ११८ मुलं आणि आम्ही ट्रेनर दोघं. सामन्याच्या दिवशी तीन तास आधी घोटे बांधायला बसतो. दीड इंची पांढरी टेप, खाली चिकट फवारा आणि फोमची पातळ पट्टी. आधी वर-खाली दोन पट्ट्यांचे नांगर, मग आतून बाहेर टाचेखालून तीन रिकिबी, मग आठाच्या आकड्यासारखे वेढे, आणि शेवटी टाचेला दोन्ही बाजूंनी कुलूप. एका सुरकुतीनं दुसऱ्या क्वार्टरपर्यंत फोड येतो. माझा एक घोटा दीड मिनिटात होतो आणि सुरकुती पडत नाही. सांगलीच्या कबड्डीच्या पोरांचे घोटे बांधता बांधता हात बसला. पकडीत घोटा कसा पिळला जातो हे ज्यानं पाहिलंय त्याला टाचेचं कुलूप समजावून सांगावं लागत नाही.

तो डावा पाय आधी करणारा मुलगा सेंटर होता, शेवटच्या वर्षाचा. चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चाल खेळवणाऱ्याकडे, देणारा. बघणाऱ्यांना वाटतं, एवढंच काम. पण समोरचा बचाव कसा उभा आहे ते वाचून, कुणी कुणाला अडवायचं हे सेंटरच ओरडून सांगतो. टेबलावर बसूनही तो ते इशारे पुटपुटत असायचा.

आता ऑगस्टकडे जायला हवं, कारण चूक तिथली आहे आणि ती माझी आहे. मोसमाआधी प्रत्येकाची मेंदूची ‘बेसलाइन’ घेतात. दहा शब्द तीनदा ऐकवून आठवायला सांगायचे, महिने उलटे म्हणून घ्यायचे, मग डोळे मिटून तीन तऱ्हांनी वीस-वीस सेकंद तोल सांभाळायचा. पुढे डोक्याला मार लागला तर याच आकड्यांशी तुलना करतात. पोरांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून काही जण मुद्दाम वाईट करतात: ऑगस्टमध्ये ढ ठरलो, तर नोव्हेंबरमध्ये मार लागूनही ‘नेहमीसारखाच’ दिसेन. त्याला तीसपैकी १३ शब्द आठवले. महिने उलटे म्हणताना एक गळला. तोल नऊदा गेला. पन्नास डावपेच तोंडपाठ असलेला मुलगा! मला खटकलं, कागदावर ‘परत घेणे’ असं मी लिहिलंही. पण बाहेर उन्हात हेल्मेट घालून पहिला सराव सुरू होता, बर्फाच्या पाण्याचे टब भरायचे होते, आणि ते परत घेणं राहून गेलं. चाळीस-चाळीस पोरं एका जिममध्ये बसवून बेसलाइन घेण्याची ही पद्धतच निरुपयोगी आहे. कागद भरतात, बाकी काही होत नाही.

मोसम चांगला गेला. आम्ही कॉन्फरन्स, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा, जिंकली, म्हणजे त्या वर्षीच्या ३२ संघांच्या प्लेऑफमध्ये थेट जागा. हरलं की मोसम संपला. चार शनिवार टिकलात तर पाचव्या आठवड्यात शुक्रवारी अंतिम सामना, स्टॅग बाउल, त्या वर्षी व्हर्जिनियातल्या सेलमला. पहिली फेरी घरच्या मैदानावर जिंकलो. दुसरी थँक्सगिव्हिंगनंतर दोन दिवसांनी, बाहेरगावी. त्या आठवड्यात कॉलेज ओस पडतं, मेस बंद असते. गावातल्या कुटुंबांनी पोरं जेवायला वाटून घेतली. मग पाच तासांची बस.

दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी त्याच्या हेल्मेटवर बाजूनं दुसरं हेल्मेट आदळलं. तो लगेच उठला. साइडलाइनला मी विचारलं: कितवा क्वार्टर, शेवटचे गुण कुणी केले, मागच्या आठवड्यात कोण होतं? सगळी उत्तरं बरोबर आली. आणि मग हाफटाइमला तो उजवा पाय.

मी कात्री खाली ठेवली आणि त्याला शेजारच्या कुस्तीच्या खोलीत नेलं. पूर्ण चाचणी घेतली. १४ शब्द. महिन्यांत एक चूक. तोल आठदा गेला. यजमान संघाच्या डॉक्टरांनी तपासलं, आमच्या फायलीतले आकडे पाहिले आणि म्हणाले, "बेसलाइनला जुळतंय. पण याला रोज बघतेस ती तू."

इथले नियम ट्रेनरच्या बाजूचे आहेत. वैद्यकीय माणसानं बाहेर म्हटलं की बाहेर, प्रशिक्षकाला त्यात बोलता येत नाही. कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचं, ठरलं तर त्या दिवशी परत मैदानात जाताच येत नाही. मी बाहेर म्हटलं. त्याचं हेल्मेट काढून घेतलं, नाहीतर गर्दीत पोरं गुपचूप परत शिरतात. उरलेला सगळा सामना ते माझ्या काखेत होतं. तो माझ्याशेजारी उभा राहून बदली सेंटरला इशारे ओरडून सांगत होता, आणि ते सगळे बरोबर होते.

बदली मुलगा पहिल्या वर्षाचा. चौथ्या क्वार्टरमध्ये त्यानं मागे दिलेला एक चेंडू क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला, तो समोरच्यांना मिळाला. आम्ही तीन गुणांनी हरलो. स्टँडमधून एक बाप माझ्याकडे बघून जे ओरडला ते मी इथे लिहिणार नाही. प्रशिक्षक बसमध्ये चढताना माझ्या खांद्याला हात लावून गेले. माझ्या लेखी त्या दिवशी तेवढं पुष्कळ होतं.

सोमवारी मी त्याची चाचणी पुन्हा घेतली. २६ शब्द. महिने झरझर, एकही चूक नाही. तोल दोनदाच गेला. तो खाली बघत म्हणाला, "ऑगस्टमध्ये बरेच जण असंच करतात."

म्हणजे ऑगस्टचा आकडा खोटा होता, हे नक्की झालं. पण शनिवारचं काय? शनिवारचे १४ शब्द खरोखर डोकं बधिर झाल्यामुळे आले, की ऑगस्टमध्ये केलेलं नाटक त्यानं तसंच पुढे चालवलं? डोकेदुखी नाही, झोप व्यवस्थित, उजेडाचा त्रास नाही. मार लागल्याची लक्षणं दोन दिवसांत निघूनही जातात, आणि नसलीच तरी असंच दिसतं.

१५ डिसेंबरला स्टॅग बाउल मी घरी बघितला. कोर्टलंडनं नॉर्थ सेंट्रलला ३८-३७ असं हरवलं. शेवटी दोन गुणांची चाल नॉर्थ सेंट्रलनं खेळली आणि ती फसली. मी मात्र दोन्ही संघांच्या सेंटरकडेच बघत होते.

पुढच्या ऑगस्टपासून मी बेसलाइन एकेकट्याला बंद खोलीत बसवून घेते. चार दिवस जातात, प्रशिक्षक कुरकुरतात.

पदवीदान झाल्यावर तो निरोप घ्यायला आला, तेव्हा मी शेवटी विचारलंच: उजवा आधी का केलास? तो हसला नाही, विचार करून म्हणाला, "उजव्याची पट्टी सैल झाली होती. डावी घट्टच होती."

असेल. त्या दिवशी मैदान ओलं होतं. डावी पट्टी मी कधी तपासलीच नाही. बसमध्ये त्यानं दोन्ही स्वतःच ओरबाडून काढल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या.