डुकरांनी भात लोळवलं तर आधी अर्ज करा
गेल्या सप्टेंबरात एका रविवारी सकाळी काकाचा फोन आला, "रात्री डुकरं आली गं, वरचं खाचर लोळवलं सगळं." मी कळव्यात, शेत मुरबाडच्या पुढे धसईकडे. कल्याणपर्यंत लोकल, मग एसटी, मग टमटम करत अकराला पोचले.

भात नुकतं दुधात आलं होतं. दाणा नखाने दाबला की पांढरं दूध येतं ना, बरोबर त्याच आठवड्यात रानडुकरं येतात. चारेक गुंठे पार आडवं, लोंब्या चावून चोथा थुंकलेला, त्याचे गोळे चिखलात पडलेले, बांध उकरून फोडलेला आणि पाणी सगळं खालच्या खाचरात. काकूने कडेने जुन्या साड्या बांधल्या होत्या, त्यातली एक माझी, कॉलेजच्या सेंडऑफला नेसलेली निळी, ती पण चिखलात तुडवलेली. काका दीड महिना रोज रात्री माळ्यावर बसत होता राखणीला, फक्त त्या रात्री ताप होता म्हणून घरी झोपला.

मी म्हटलं वनखात्याकडे अर्ज करू. तर म्हणाला, "सोड गं, चार गुंठ्यांचं काय मिळणारे? दोन खेपा मारल्या की भाड्यातच जातील." हिशोब त्याचा चुकीचा नव्हता. चार गुंठ्यांत साधारण क्विंटलभर भात आणि 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. आमच्याकडे बहुतेक सगळे हाच हिशोब करतात आणि गप्प बसतात, आणि मला तेच चुकतंय असं वाटतं.

नियम असा की नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे अर्ज गेला पाहिजे, मग पंचनामा. वनजमिनीवर अतिक्रमण करून शेती केली असेल तर भरपाई नाही. ऐकायला सोपंय, पण आमचा सातबारा अजून सामाईक, त्यावर बाबा, दोन काका, दोन आत्या आणि वारलेल्या एका काकाची मुलं. सोमवारी ऑफिसात गेलो तर सांगितलं सगळ्यांचं संमतीपत्र आणा. आता एक आत्या ऐरोलीला, एक घणसोलीला, चुलतभाऊ पुण्यात, तीन दिवसांत कुठून आणणार? शेवटी मी तिथेच हट्ट धरला की अर्ज आज घ्या, पोच द्या, सह्या नंतर आणते, आणि पोच मिळाली. पण पंचनाम्याला माणूस आला अकराव्या दिवशी. तोपर्यंत काकाने ते पडलेलं भात हलवलं नाही, पुरावा म्हणून तसंच ठेवलं, आणि मधल्या दोन रात्री डुकरं पुन्हा तिथेच येऊन उरलंसुरलं खाऊन गेली. ते बघून काकू रडली. त्यामुळे सांगते, पहिल्या सकाळीच लोकेशन आणि तारीख दिसेल असे फोटो काढा, लांबून, जवळून, खुरांच्या ठशांचे पण.

आता लोक म्हणतात सरळ मारायची परवानगी द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पिकाची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांसाठी तशी परवानगी देता येते, केरळने 2022 मध्ये रानडुकरांबाबत हा अधिकार थेट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. पण परवानगी मिळून करायचं काय, आमच्या गावात लायसनची बंदूक कोणाकडे आहे? मग कोणीतरी वैतागून घरातल्या मीटरची वायर कुंपणाला जोडतो आणि त्यात डुकराआधी माणूस जातो. हे कृपा करून कोणी करू नका, गुन्हा तर आहेच. सौर कुंपणाचा झटका क्षणाचा असतो, जनावर घाबरून मागे फिरतं, मरत नाही.

सरकारची खरी मदत मला इथे हवीय. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला 75 टक्के अनुदान आहे, पण ते योजनेत बसणाऱ्या गावांना. आणि एकट्याने कुंपण घातलं तर डुकरं शेजाऱ्याच्या खाचरात जातात, भांडण लागतं ते वेगळंच. अख्ख्या पट्ट्याला मिळून एक कुंपण पाहिजे. पीक गेल्यावर हजार दोन हजार देण्यापेक्षा तो पैसा आधी लावा ना, काकाच्या दीड महिन्याच्या जागरणाचा कुठल्याच पंचनाम्यात रकाना नसतो.

आणि अर्ज का करायचा ते आता सांगते. पीक विम्यात वन्यप्राण्यांचं नुकसान खरीप 2026 पासून घ्यायचं केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं, सोबत 2018 मध्ये वगळलेलं भात पाण्याखाली जाण्याचं नुकसानही, जे आपल्या कोकणपट्ट्याला फार गरजेचं होतं. 72 तासांत ॲपवर फोटोसकट कळवायचं. पण कुठले प्राणी आणि कुठले जिल्हे किंवा विमा क्षेत्रं धरायची हे राज्याने ठरवायचंय आणि ते मागच्या नुकसानीच्या नोंदी बघून. म्हणजे तुम्ही दोन हजारासाठी कशाला म्हणून अर्ज केला नाही तर कागदावर तुमच्या गावात डुक्कर आलंच नाही! शेजारच्या वाडीत गेल्या वर्षी सातआठ जणांचं भात गेलं, अर्ज एकाचाही नाही, मग मागणी कशाच्या जोरावर करणार.

आमचं ठरलंय, यंदा कोणाचं एक गुंठा गेलं तरी अर्ज करायचा, आणि पट्ट्यातल्या सगळ्या खातेदारांच्या सह्यांनी कुंपणासाठी एकत्र अर्ज द्यायचा. ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्यांच्या सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे आहे, कारण सातबाऱ्यावरची निम्मी नावं इकडेच नोकरीला आहेत. घणसोलीची आत्या झाली, पुण्याच्या भावाने कुरियर केलंय, ऐरोलीच्या आत्याकडे शनिवारी जातेय. ती म्हणाली येताना जुन्या साड्या घेऊन जा, दोन पिशव्या काढून ठेवल्यात.