मोरीतली भाकरी

येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जेवून यायचं आणि दुसऱ्या दिवशी सिंक तुंबवायचं, असा आमच्या घरचा नेम होता. आंबिलीचं मडकं, भज्जीचं पातेलं, उंड्यांची परात, सगळं घासायला ड्राय बाल्कनीतल्या सिंकमध्ये जमा व्हायचं आणि दुपारपर्यंत वर पाण्याचं तळं साचायचं. आई त्याला अजून मोरीच म्हणते. लातुरात फ्लॅटमध्ये राहायला येऊन पंधरा वर्षं झाली, तरी सिंक हा शब्द तिच्या तोंडी बसला नाही.

एका वर्षी मी शहाणपणा केला. तुंबलेल्या सिंकमध्ये उकळतं पाणी ओतावं, असं कुठंतरी वाचलं होतं. तपेलीभर आधण ठेवलं आणि दिलं ओतून. पाणी काही उतरलं नाही. परत एक तपेली ओतली, तर जे थेंब-थेंब जात होतं तेही थांबलं. शेवटी गल्लीतल्या प्लंबर पोराला बोलावलं. त्यानं खाली बादली धरली, वळणाच्या नळीचा आटा सोडला आणि आतून करड्या रंगाचा एक गुळगुळीत गोळा काढला. हातावर तोलत म्हणाला, "काका, मोरीत भाकरी करायलाव काय?"

आई दारातच उभी होती. "आधण घातल्यावर दुसरं काय व्हईल?" म्हणाली आणि आत जाऊन हसत बसली.

तिचं बरोबर होतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी ओढ नसते. म्हणून तर आपण ते कढत पाण्यात भिजवतो. कढत पाण्यानं त्यातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि भाकरी न चिरता थापता येते. मी नळीत नेमकं तेच केलं होतं. आंबिलीतलं ज्वारीचं पीठ आत होतंच, मी वरून उकळी दिली. पतंगाला खळ करतात तीही याहून वेगळी नसते. पिठाच्या भांड्याला गार पाणी, हे आईला शाळेत न जाता ठाऊक होतं. तुपाला, सायीला कढत पाणी चालतं, पण तेही पुढं गार नळीत जाऊन पुन्हा थिजतंच. त्यापेक्षा पातेलं आधी कागदानं पुसून घेतलेलं बरं.

त्या दिवशी बादलीतला ऐवज मी जरा निरखून पाहिला. पीठ होतंच. खाली शेतातली काळी माती होती, चपलांबरोबर आलेली आणि फरशी पुसलेल्या पाण्यातून ओतलेली. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी लागलं की फुगते, नळीत तरी ती स्वभाव कशाला सोडेल? तिच्यात वॉशिंग मशीनमधून आलेला कपड्यांचा कीस गुंतलेला. आणि सगळ्याला बांधून ठेवायला साबणाचा पांढरा चोथा. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला फेस धरू देत नाही, त्याचा साका करतं. माती, धागे, चिकटा. गावाकडच्या माळवदाच्या घराला आजोबा मातीत भुसा कालवून गिलावा करायचे, त्याचीच ही शहरी आवृत्ती. आणि हा गिलावा मी फुकटात करत होतो.

मध्ये एकदा शेजाऱ्यांचं ऐकून कॉस्टिक सोडाही टाकून पाहिला. चिकटा थोडा सुटला, माती जागची हलली नाही. पाणी लागताच तो सोडा असा तापला की प्लास्टिकच्या जोडानं मान टाकली. वर ॲसिड घालायला निघालो होतो, ते आईनं हातातून काढून घेतलं. नशीबच. त्या दोघांची गाठ पडली की उसळून अंगावर येतं.

आमचं सिंक वर्षभर एकदाही तुंबलं नाही, असं एकच वर्ष आठवतं, 2016. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मोरीच्या वाट्याला थेंब यायचा नाही. भांड्याचं पाणी झाडाला, धुण्याचं संडासला. पण मे महिन्यात घरात घाण वास सुटला आणि झुरळं वर आली. नळीचं ते वळण उगाच नसतं. त्यात वाटीभर पाणी कायम राहतं आणि गटाराचा वास अडवतं. आमचं वळण कोरडं पडलं होतं. मग मी आठवड्याला एक तांब्या त्यात ओतू लागलो. आईनं पाहिलं. "रेल्वेनं आणलेलं पाणी मोरीला पाजायलास?"

हल्ली मशीनच्या पाइपाला जुना नायलॉनचा मोजा बांधलेला असतो. दर महिन्याला तो काढला की आत राखाडी उंदीर बसल्यासारखा कीस निघतो. फरशीची बादली कोपऱ्यात तासभर निवळते, तळातली माती कुंडीत जाते. येळवसीचं मडकं आई खरवडून घेते आणि पहिलं विसळण खाली शेवग्याला घालते. माझ्याकडे फक्त सिंकवरची जाळी झटकायचं काम दिलंय.

प्लंबर पोरगा रस्त्यात भेटला की अजून विचारतो, "काका, झाली का भाकर?" जेवणाचं विचारतो की मोरीचं, हे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.