आमची वाटचाल : चौथ्या गाण्यात तुटलेली तार

कार्यक्रमांच्या रेकॉर्ड काढणारी ही कंपनी सुरू करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. पंक बँड होता आणि मी त्यात बास गिटार वाजवायचो, एवढंच. स्टुडिओत केलेली पहिली चार गाणी ऐकून आमचा ड्रमर म्हणाला, "हे आपण नाहीच." खरं होतं. एकेक वाद्य वेगळं घेतलेलं, सगळं जागच्या जागी, पण जीव नाही. स्टेजवर दोन मिनिटांचं गाणं आम्ही पावणेदोनमध्ये उरकायचो आणि ती घाईच तर लोकांना आवडायची.

मग कार्यक्रमच रेकॉर्ड करायला लागलो. पहिल्या वेळी थेट मिक्सरमधून वायर काढली. घरी येऊन ऐकतो तर गायक कानात ओरडतोय आणि गिटारचा पत्ता नाही. लहान जागेत गिटारचा अँपच एवढा दणदणतो की साउंडवाल्याला तो मिक्सरमध्ये घ्यायची गरजच पडत नाही. पुढच्या वेळी मिक्सरच्या वायरीबरोबर मागच्या भिंतीशी दोन माइकही लावले, तर मिक्सरचं आणि माइकचं रेकॉर्डिंग एकत्र केल्यावर ड्रमचा प्रत्येक टोला दोनदा यायला लागला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा मीटर अंतर म्हणजे २९ मिलिसेकंद उशीर. तेव्हापासून कार्यक्रमाआधी कुणीतरी गायकाच्या माइकसमोर एक सणसणीत टाळी वाजवतो आणि मी घरी त्या टाळीवर ट्रॅक जुळवतो.

तयार झालेलं दोन-तीन लेबलांना, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांना, पाठवलं. उत्तरसुद्धा आलं नाही. राग आला, पण मार्ग कुणीतरी आधीच दाखवून ठेवला होता. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने उसने पैसे घेऊन जानेवारी १९७७मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही रेकॉर्ड स्वतःच्याच लेबलवर काढली. वॉशिंग्टनच्या टीन आयडल्सनी बँड मोडल्यावर साठलेल्या पैशांतून रेकॉर्ड छापली आणि त्यातून १९८०मध्ये डिसकॉर्ड हे लेबल उभं राहिलं. त्या पोरांनी कव्हरंही हातांनी कापून, दुमडून, चिकटवली होती. आम्हीही तेच केलं. (गोंद पातळ करू नका. कागद फुगतो आणि अख्खा गठ्ठा वाया जातो.)

खरी फजिती झाली ती टेस्ट प्रेसिंगला, म्हणजे तपासणीसाठी आधी छापलेल्या नमुना प्रतीला. बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला साधारण ३३ फेऱ्यांच्या वेगाने वाजवायची तर एका बाजूला बावीस-एक मिनिटं बरी बसतात. आम्ही सत्तावीस कोंबली होती. जास्त वेळ बसवायचा तर खोबण्या दाटीने कापाव्या लागतात आणि आवाज खाली उतरवावा लागतो. आमचा पंक शेजारच्या खोलीतून येतोय असा वाटत होता. दोन गाणी काढली. त्यातलं एक गायकाचं लाडकं, तो महिनाभर फुगून बसला. दुसऱ्या टेस्ट प्रेसिंगला सुई एकाच ठिकाणी उडी मारायची. कारण सापडलं तेव्हा मीच ओशाळलो : माझाच बास. डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये खालचे सूर उलट्या फेजमध्ये गेले होते, म्हणजे एकीकडची लाट वर जाताना दुसरीकडची खाली. असं झालं की सुई आडवी हलायच्या ऐवजी वरखाली हलते आणि खोबण सोडते. खालचे सूर मोनो केले, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये एकसारखे, मग रेकॉर्ड नीट वाजली.

चौथ्या गाण्यात गिटारची तार तुटते. पुढची चाळीस-एक सेकंद काहीच वाजत नाही. मागून कुणीतरी "आण की दुसरी!" म्हणून ओरडतं, ड्रमर कंटाळून ड्रमच्या कडेवर टकटक करत बसतो आणि हळूहळू सगळी गर्दी त्या टकटकीवर टाळ्या धरते. वितरकाने हा भाग कापा म्हणून सांगितलं. आम्ही कापला नाही, त्याने माल घेतला नाही. पहिल्या प्रती कार्यक्रमांच्या दाराशी टेबल टाकून विकल्या. दुकानांत उधारीवर ठेवलेल्या बऱ्याचशा परत आल्या, कोपरे दुमडून.

नंतर इतर बँड यायला लागले. करारनामा एका पानाचा : खर्च वसूल झाला की उरलेलं निम्मं-निम्मं, मूळ रेकॉर्डिंग बँडच्या मालकीचं आणि गाणं नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून दुरुस्त करायचं नाही. तिसऱ्या अटीवर निम्मे बँड परत जातात. जाऊ देतो.

सध्या टेबलावर कधीच मोडलेल्या एका बँडची कॅसेट आहे. लेबलवर नुसती तारीख, तीही अर्धी पुसलेली. पहिल्या बाजूला गायिका शेवटच्या गाण्याआधी कुणाची तरी हरवलेली चप्पल शोधायला सांगते आणि तिथेच टेप संपते. दुसरी बाजू अजून लावलेली नाही. आधी प्लेअरचं हेड साफ करायचंय.